पाळणे पुन्हा फिरले : मुर्रीहून पाहिलेली इमॅजिकाची वाटचाल

४ मार्च २०२२ पासून महाराष्ट्र सरकारने चौदा जिल्ह्यांतले कोरोनाचे बहुतेक निर्बंध उठवले. लशीचा पहिला डोस नव्वद टक्के लोकांना, दुसरा सत्तर टक्क्यांना, बाधितांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजनच्या खाटा चाळीस टक्क्यांहून कमी भरलेल्या, अशी कसोटी होती. मुंबई, पुणे, नागपूर ही नावं यादीत असणारच होती. आमचं गोंदियाही होतं, आणि रायगडही. मुर्री हे गोंदिया शहराला खेटून असलेलं गाव. इथून पुढे थोडं गेलं की मध्य प्रदेश लागतो, छत्तीसगडही लांब नाही. रायगड म्हणजे राज्याचं दुसरं टोक, समुद्राकडचं. त्या रायगडातल्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर, इमॅजिका हे मनोरंजन उद्यान आहे. आमच्या घरची तिथली एक सहल दोन वर्षं लांबणीवर पडली होती. दोन्ही जिल्हे एकाच यादीत आले, तेव्हा तिचा विषय पुन्हा निघाला.

त्या सहलीबद्दल पुढे सांगतो. आधी या उद्यानाचा प्रवास सांगायला हवा, कारण तो महासाथीच्या आधीपासूनच खडतर होता.

इमॅजिका उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी. सिनेमाच्या माणसांना हे नाव जुनं. १९७८ मध्ये वसनजी ममानिया यांच्यासोबत त्यांनी अ‍ॅडलॅब्स ही फिल्म धुणारी प्रयोगशाळा काढली. 'अर्धसत्य'च्या निर्मात्यांमध्ये त्यांचं नाव आहे. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरचा, तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला आणि निहलानींनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा मराठी माणूस आपलाच मानतो. वडाळ्याला घुमटाकार पडद्याचं आयमॅक्स चित्रपटगृहही शेट्टींनीच आणलं. पुढे अ‍ॅडलॅब्स रिलायन्सकडे गेली आणि शेट्टींनी आयुष्यातला सर्वांत मोठा डाव मांडला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळ, सह्याद्रीच्या पायथ्याशी, जगातल्या मोठ्या उद्यानांच्या तोडीचं मनोरंजन उद्यान. खर्च सोळाशे कोटींच्या घरात गेला. एप्रिल २०१३ मध्ये दारं उघडली.

त्याआधी महाराष्ट्रात उद्यानं नव्हती असं नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून होतं, शेजारी वॉटर किंगडम १९९८ पासून. टीव्हीवरच्या एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीचं गाणं गोंदियातल्या पोरांनाही पाठ होतं, बोटीतून पाळण्यांकडे जायचं हे स्वप्न आमच्या पिढीने टीव्हीसमोर बसूनच पाहिलं. इमॅजिकाची कल्पना मात्र वेगळी होती. इथे प्रत्येक पाळण्याला गोष्ट दिली होती. 'मिस्टर इंडिया' सिनेमाच्या जगात खुर्चीसकट घेऊन जाणारी सफर, सलीमगढचा भुताटकीचा वाडा, चाळीस चोरांचा अलीबाबा, कोपलेल्या देवांचं मंदिर, आणि हेलिकॉप्टरमधून देश पाहिल्यासारखं वाटावं असा 'आय फॉर इंडिया'. मला सर्वांत आवडलेली निवड डायनासोरची. परदेशी सिनेमातला टायरॅनोसॉरस उचलून आणणं सोपं होतं. यांनी घेतला राजासॉरस नर्मदेन्सिस, गुजरातमधल्या रहिओलीजवळ ज्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये ज्याला हे शास्त्रीय नाव मिळालं तो आपल्या मातीतला प्राणी. होडीतून त्याच्या गुहेत जाणारं मूल घरी येऊन नर्मदा कुठे आहे हे विचारतं. ही छोटी गोष्ट नाही.

आणि नायट्रो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीने बनवलेला रोलर कोस्टर. उंची सुमारे चाळीस मीटर, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे, पायाखाली फळी नाही, पाच वेळा माणूस उलटा होतो. जगभरच्या शौकिनांमध्ये या कंपनीच्या कोस्टरला मोठा मान आहे आणि तो खोपोलीजवळच्या माळावर उभा राहिला, याचा अभिमान वाटायला हवा. उद्यानापाठोपाठ जलक्रीडेचं उद्यान आलं, २०१५ मध्ये हॉटेल, २०१६ मध्ये कृत्रिम बर्फाचं दालन.

पण सोळाशे कोटींतला मोठा हिस्सा कर्जाचा होता. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, तरी व्याजाचा भार हलका झाला नाही. असं उद्यान चालवण्याचं गणित निर्दयी असतं. पाळण्यात दोन माणसं बसोत की चोवीस, वीज तेवढीच, चालवणारे कर्मचारी तेवढेच, रोज सकाळी होणारी तपासणीही तेवढीच. गेटवर येणाऱ्या माणसांची संख्या ठरावीक रेषेच्या खाली गेली की प्रत्येक दिवस तोट्याचा. त्यात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मनोरंजन उद्यानं २८ टक्क्यांच्या टप्प्यात टाकली गेली, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या रांगेत. जानेवारी २०१८ पासून हा दर १८ टक्क्यांवर आला. तोवर बँकांचे हप्ते थकू लागले होते. कर्जाच्या पुनर्रचनेच्या वाटाघाटी सुरू असताना, २०२० च्या सुरुवातीला, कंपनीने शेट्टींनी तिलाही दिलेलं अ‍ॅडलॅब्स हे नाव सोडून इमॅजिकावर्ल्ड हे नाव घेतलं. नव्या नावाची पाटी लागून काही आठवडे झाले आणि मार्च उजाडला.

मार्चच्या मध्यावर राज्यात गर्दीची ठिकाणं बंद होऊ लागली. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. गोंदियात तेव्हा रुग्ण नगण्य होते. एप्रिलअखेर केंद्राने जिल्ह्यांना रंग दिले तेव्हा आमचा जिल्हा हिरव्यात होता, रायगड नारिंगी. हिरवा असूनही गोंदिया स्टेशन ओस पडलं होतं. हावडा-मुंबई मार्गावरचं हे मोठं जंक्शन, जिथे रात्री-अपरात्री चहाची किटली खाली ठेवायला फुरसत नसायची, तिथे फलाटावर कुत्री झोपलेली असायची.

मनोरंजन उद्यानांसाठी ती वेळ फार वाईट होती. महाराष्ट्रातल्या उद्यानांची खरी कमाई एप्रिल-मेमध्ये होते. शाळांना सुट्ट्या, अंगाची लाही, पाण्याच्या घसरगुंड्यांवर झुंबड. दुसरा हंगाम दिवाळीनंतर, शाळांच्या सहलींचा. २०२० चा उन्हाळा गेला. शाळाच बंद असल्याने सहलींचा हिवाळाही गेला. वर्षअखेरीस सैलावलेले निर्बंध फार टिकले नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट शिगेला पोहोचली आणि दुसरा उन्हाळाही हातचा गेला. त्या एप्रिलमध्ये पाळण्यांची आठवण कोणालाच नव्हती, हेही खरं. आमच्याकडे लोक ऑक्सिजनच्या खाटेसाठी नागपूरपर्यंत धावत होते. मुर्रीत अशी आळी उरली नाही जिथे कोणी गेलं नाही.

बंद उद्यानात काय चालतं, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. रोलर कोस्टर म्हणजे पोलाद, चाकं, ब्रेक आणि संगणक. तो न चालवता ठेवला की बिघडतो. चाकांना एका जागी भार पडून चालत नाही, वंगण सुकून चालत नाही, कोकणातल्या पावसाने रुळांवर गंज चढतो. जलक्रीडेची टाकी तशीच सोडली तर आठवड्यात हिरवी होते आणि डासांची पैदास सुरू होते. म्हणून गेटवर एकही तिकीट फाटत नसताना तंत्रज्ञांना यावंच लागतं, रिकाम्या गाड्या फिरवाव्याच लागतात. पैसा येत नाही, जात मात्र राहतो. ज्यांचं काम थेट पाहुण्यांशी, म्हणजे पाळण्यात पट्टा बांधून देणारी, खाण्याच्या काउंटरवरची, झाडलोट करणारी, वेशभूषा करून मुलांशी हात मिळवणारी मुलं-मुली, त्यांच्याकडे तर कामच उरलं नव्हतं. अशा उद्यानांत ही नोकरी बहुधा आसपासच्या गावांतल्या तरुणांची असते. टाळेबंदीच्या बातम्यांत हॉटेलवाले आले, सिनेमागृहवाले आले, नाटकवाले आले. पाळण्याचा पट्टा बांधणारा कुठे आला नाही.

जगभर हीच गत होती. शांघायचं डिस्नेलँड जानेवारी २०२० मध्ये बंद झालं आणि मेमध्ये उघडलं. कॅलिफोर्नियाचं मूळ डिस्नेलँड मात्र मार्च २०२० पासून एप्रिल २०२१ अखेरपर्यंत, तेरा महिन्यांहून जास्त काळ, बंद राहिलं. जपानमध्ये उद्यानांच्या संघटनांनी ठरवलं की कोस्टरवर ओरडायचं नाही, कारण ओरडताना तुषार उडतात. फुजी पर्वताजवळच्या फुजी-क्यू उद्यानाच्या दोन वरिष्ठांनी सूट-टाय आणि मास्क घालून, तोंडातून अवाक्षर न काढता कोस्टरची फेरी मारली, त्याची चित्रफीत काढली आणि शेवटी पाहुण्यांना विनंती केली की आरोळी मनातल्या मनात ठोका. लोक हसले. मला त्या दोघांबद्दल आदर वाटला. आपलं उद्यान वाचवण्यासाठी माणसं काय काय करत होती!

आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ८ ऑक्टोबर २०२० रोजी मनोरंजन उद्यानांसाठी नियमावली काढली. सहा फुटांचं अंतर, जमिनीवर खुणा, ऑनलाइन तिकीट, पोहण्याचे तलाव बंद, वातानुकूलन २४ ते ३० अंशांमध्ये. पासष्टच्या वरच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच राहावं, असा सल्ला. त्या वेळी तो योग्यच होता, यात मला शंका नाही. पण ज्यांच्यासाठी उद्यान बांधलं तीच मुलं दाराबाहेर राहणार होती.

महाराष्ट्रात खरी हालचाल झाली २२ ऑक्टोबर २०२१ ला. नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं निम्म्या क्षमतेने उघडली, त्याच दिवसापासून मनोरंजन उद्यानांतल्या कोरड्या खेळांना परवानगी मिळाली. पाण्याचे खेळ नाहीत. मग ओमायक्रॉन आला आणि १० जानेवारी २०२२ पासून उद्यानं, प्राणिसंग्रहालयं, किल्ले, सगळं पुन्हा बंद. फेब्रुवारीत लसीकरणात पुढे असलेल्या जिल्ह्यांत निम्म्या क्षमतेने मुभा मिळाली, यावेळी पाण्याच्या खेळांनाही. मार्चमध्ये ती चौदा जिल्ह्यांची यादी. २ एप्रिलला गुढीपाडवा होता, आणि त्या सुमारास राज्यातले उरलेले निर्बंधही गेले, मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. उघड-बंद-उघड अशा या खेळात प्रत्येक वेळी कामगार परत बोलवायचे, यंत्रं तपासायची, जाहिरात करायची, आणि पुन्हा कुलूप लावायचं. अख्खं वर्ष बंद राहण्याइतकंच हे थकवणारं असावं.

मे महिन्याच्या शेवटी, उन्हाळी धान घरात आलं आणि खरिपाच्या नांगरणीला अजून अवकाश होता, तेव्हा आम्ही निघालो. ताई, भाऊजी, भाचा, भाची आणि मी. विदर्भ एक्सप्रेस दुपारी गोंदियाहून सुटते. बाहेर पारा पंचेचाळीसकडे, डब्यात शिदोरीचा वास. ताईने गाडीत कोणालाही मास्क काढू दिला नाही, राज्याचा नियम गेला असला तरी. पहाटे कल्याणला उतरून खोपोलीची लोकल धरली आणि पुढे रिक्षा. राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, सुमारे हजार किलोमीटर.

गेटवरची गर्दी पाहून मला आधी भीतीच वाटली. दोन वर्षं गर्दीपासून लांब राहायला शिकलेलं शरीर लगेच रांगेत शिरत नाही. माझ्या पुढची बाईही मागच्याशी हातभर अंतर ठेवून उभी होती, जमिनीवर खूण नसताना. तासाभराने ती सवय सुटली. सगळ्यांचीच सुटली. उद्यानाची खरी वस्तू म्हणजे रांग आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. अनोळखी माणसांसोबत उभं राहायचं, पुढच्याची आरोळी ऐकून पोटात गोळा आणायचा, उतरून येणाऱ्याला "कसं होतं हो?" असं विचारायचं. महासाथीने नेमकं हेच काढून घेतलं होतं.

नायट्रोच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते. २०२० मध्ये ही सहल ठरली होती तेव्हा भाचा त्या पट्टीत बसला नसता. आता तो तिच्या वर गेला होता. पट्टीखाली उभा राहिला आणि मान ताठ करून म्हणाला, "मामा, बघ!" भाचीचं उलटं झालं. तिला घोड्यांच्या फिरत्या चक्रावर बसायचं होतं. घरी तिच्या वहीत तसं चित्र होतं, तिने सहा वर्षांची असताना काढलेलं. चक्रापाशी ती थांबली, आपल्याहून लहान मुलांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मी आता मोठी झाले." ताईने बरीच समजूत घातली तेव्हा बसली. दोन वर्षांत मुलांची उंची वाढली. काही पाळण्यांचं वय त्यांच्या आयुष्यातून तसंच निघून गेलं. बंदच्या काळाचा हा हिशोब कुठल्याही ताळेबंदात येत नाही. राज्यातल्या लाखो मुलांच्या बाबतीत तो असाच निघेल.

राजासॉरसच्या होडीत भाऊजी सर्वांत पुढे बसले आणि सर्वांत जास्त भिजले. धानाच्या गिरणीत आयुष्य गेलेला हा गंभीर माणूस असा हसलेला मी फार वर्षांनी पाहिला. त्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी आई गमावली होती.

आम्ही परतलो आणि जूनमध्ये बातमी आली, इमॅजिकाची मालकी बदलली. संगमनेरच्या मालपाणी समूहाने बँकांच्या तडजोडीतून उद्यान घेतलं. तंबाखूच्या व्यापारातून वर आलेलं हे घराणं. 'गाय छाप' जर्दा महाराष्ट्राच्या प्रत्येक पानठेल्यावर आहे, मुर्रीतही. लोणावळा आणि शिर्डीची वेट एन जॉय जलउद्यानं आणि शिर्डीचं साईतीर्थ त्यांनी आधीच चालवून दाखवलं होतं. म्हणजे उद्यानाचं गणित कळणाऱ्या हातात हे गेलं. त्याच आर्थिक वर्षात कंपनीने नफा दाखवला. त्यात कर्जाच्या तडजोडीचा मोठा वाटा होता, पण गेटवर परतलेल्या माणसांचाही होता. २०२४ मध्ये समूहाने आपली लोणावळा-शिर्डीची उद्यानंही याच कंपनीखाली आणली. शेट्टींचं स्वप्न शेट्टींच्या हातात राहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्या माणसाने धाडस केलं त्याचं कौतुक व्हायला हवं. उद्यान मात्र जगलं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड, ज्याने मराठी घरांना पहिल्यांदा हे वेड लावलं, ते आज बंद आहे.

या सगळ्यात मला आमच्या मंडईची आठवण येत राहते. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. पाहुणे येतात, दंडार हे लोकनाट्य होतं, रात्रभर नाटक चालतं आणि बाजूच्या मोकळ्या शेतात आकाशपाळणा उभा राहतो. आमचं मनोरंजन उद्यान ते. २०२० च्या दिवाळीनंतर तो पाळणा उभा राहिला नाही. ही नाटकं करणाऱ्या वडशाच्या मंडळ्यांचा हंगाम बुडाला त्याबद्दल थोडंफार लिहिलं गेलं. पाळणेवाल्यांबद्दल नाही. ट्रकवर पाळणा बांधून बायका-पोरांसकट गावोगाव फिरणारी ही माणसं. त्यांना भागधारक नाहीत. त्यांच्या कर्जाच्या तडजोडीला कोणती बँक बसणार? एका मंडईतल्या पाळणेवाल्याने मला सांगितलं होतं की बंदच्या काळात त्याने पाळण्याचं लोखंड भंगारात घातलं आणि नंतर उसनवारीवर जुना पाळणा विकत घेतला. त्याच्या पाळण्यात बसताना उंचीची पट्टी नसते, पट्टाही नीट नसतो. ते सुधारायला हवं. पण मुर्रीच्या बहुतेक मुलांचा पहिला पाळणा तोच असतो, खोपोलीपर्यंत जाणं फार थोड्यांना परवडतं.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली जिल्हा प्रशासनाकडे. मंडई आणि यात्रांतल्या पाळणेवाल्यांची नोंद ठेवा, त्यांच्या पाळण्यांची दरवर्षी तपासणी करा आणि पुढे कधी दारं बंद करायची वेळ आली तर मदतीच्या यादीत त्यांना घ्या. दुसरी इमॅजिकाच्या चालकांकडे. दिवाळीनंतरच्या सहलींच्या हंगामात, गर्दी कमी असलेल्या आठवड्यांत गोंदिया, गडचिरोली, भंडारा यांसारख्या लांबच्या जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषद शाळांसाठी काही दिवस सवलतीचे ठेवा. आमच्याकडच्या मुख्याध्यापकांनीही वाट न पाहता त्यांना पत्र पाठवावं आणि रेल्वेच्या विद्यार्थी सवलतीची चौकशी आतापासून करावी. पाचवीतल्या मुलाला सातवीत गेल्यावर नेलं तर त्याचे निम्मे पाळणे निघून गेलेले असतात.